पर्स काल तिथेच होती

या वेळचं पत्र एका आजींचं आहे. वय 68, राहणार डोंबिवली, सध्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला. पत्र सहा पानी, डावीकडे समास आखलेलं आहे. कापून देते.

"मी प्राथमिक शाळेत 31 वर्षं शिकवलं. वर्गात कुणाला जातीवरून मागे बसवलं नाही, घरी कुणाचा विटाळ मानला नाही. मार्चपासून इथे आहे. लेक-जावई कामावर, नात शाळेत, दिवसभर मी आणि टीव्ही. मागच्या मंगळवारी नातीबरोबर तिच्या वर्गातली एक मुलगी घरी आली. निग्रो. उंच, केसांच्या बारीक बारीक शंभरेक वेण्या. दोघींना इतिहासाचा प्रकल्प करायचा होता, कसले तरी जुने नकाशे, त्यावर लाल रंग. मुलगी नम्र वाटली, दारात न सांगता बूट काढले. मी चिवडा आणायला आत गेले आणि येता येता सोफ्यावरची माझी पर्स उचलून खोलीत ठेवली, दार ओढून घेतलं. पर्समध्ये पासपोर्ट, 200 डॉलर आणि बीपीच्या गोळ्या. कुणाला काही बोलले नाही. मैत्रीण गेल्यावर नात म्हणाली, 'आजी, काल माझी दुसरी मैत्रीण आली होती तेव्हा पर्स इथेच होती.' त्यानंतर आज चार दिवस ती कामापुरतंच बोलते. लेक म्हणते, सोड गं आई, वय आहे तिचं. जावई म्हणतात, आईंचं अगदीच काही चुकलं नाही, या देशात जपूनच राहावं लागतं. नंतर कळलं की त्या मुलीची आई डॉक्टर आहे आणि मुलगी वर्गात पहिली येते. मला फार वाईट वाटलं. पण मी तरी काय करणार, टीव्हीवर रोज तेच दिसतं. नातही दिवसभर त्या लोकांची गाणी ऐकते, त्यात शिव्याच शिव्या. मी वर्णद्वेषी आहे का? आणि नातीचा रुसवा कसा काढू?"

नमस्कार ताई,

(मी तुमच्याहून सातेक वर्षांनी लहान असेन, म्हणून ताई.)

सोमवारी पर्स सोफ्यावर होती, मंगळवारी ती आत गेली. पासपोर्ट तोच, डॉलर तेवढेच, गोळ्या त्याच. बदललं ते पाहुणीचं कातडं. तुमच्या नातीने भाषण दिलं नाही, वर्णद्वेष हा शब्दही काढला नाही. तिने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि वजाबाकी तुमच्यावर सोडली. मास्तरणीची नात शोभते.

आता तुमचा प्रश्न. मंगळवारी तुम्ही जे केलंत ते वर्णद्वेषाचंच होतं. हे कबूल करायला 31 वर्षांचा ताळेबंद मांडायची गरज नाही. तुम्ही वर्गात कुणाला मागे बसवलं नाही हे मला पटतं, आणि पर्स आत नेलीत हेही खरंच आहे. दोन्ही एकाच बाईने केलं. डोंबिवलीत कामाला येणाऱ्या बाईंसाठी ओट्याखाली वेगळी कपबशी ठेवणारी किती तरी घरं मी पाहिली आहेत, आणि त्यातलं एकही घर "आम्ही जात मानतो" असं म्हणत नाही. कपबशी तिथे "आपली सोयीसाठी" असते. हाताला जे वळण लागलेलं असतं त्याची खबर डोक्याला नसते, म्हणून कुणी बोट दाखवलं की इतकं लागतं.

पण तुमच्या पत्रात मला पर्सहून जास्त खटकलं ते दुसरंच वाक्य. मुलीची आई डॉक्टर आहे हे कळल्यावर तुम्हाला वाईट वाटलं. समजा ती आई एखाद्या दुकानात गल्ल्यावर बसत असती आणि मुलगी गणितात दोनदा नापास झालेली असती, मग? मग पर्स आत नेली ते ठीक होतं? पंधरा वर्षांच्या मुलीला तुमच्या सोफ्याजवळ बसायला गुणपत्रिका आणि आईची पदवी का दाखवावी लागावी? सोमवारच्या मैत्रिणीची आई काय करते, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. बहुधा विचारलंही नसेल.

हे वाक्यही तुम्हाला टीव्हीनेच शिकवलंय, आणि ते जास्त गोडीने शिकवलंय. अमेरिकन पडद्यावर कृष्णवर्णीयांना बराच काळ दोनच चौकटी मिळाल्या. एक हातकडीची, आणि दुसरी इतक्या निष्कलंक माणसाची की त्याच्यावर बोट ठेवायला जागाच नसावी. 1984 ते 1992 या काळात 'द कॉस्बी शो' घराघरांत पाहिला जायचा. बाप डॉक्टर, आई वकील, सुंदर घर, हसरी मुलं. (त्या बापाची भूमिका करणाऱ्या नटाचं पुढे काय झालं ते तुमच्या लेकीला विचारा, इथे तो विषय नको.) मालिका चांगलीच होती. आमच्याकडचे मराठी लोक ती आवडीने बघायचे आणि म्हणायचे, "सगळे असे असते तर!" असे म्हणजे डॉक्टर-वकील. साध्या माणसाला, ना चोर ना डॉक्टर अशा माणसाला, पडद्यावर जागाच नव्हती. म्हणून तो दारात बूट काढून उभा राहिला की आपल्याला कळत नाही याला कोणत्या चौकटीत बसवावं.

"टीव्हीवर रोज तेच दिसतं" हे तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण मीही त्याच टीव्हीसमोर बसले आहे.

1994 चा जून. मी तेव्हा न्यू जर्सीतल्याच एका सार्वजनिक वाचनालयात, नियतकालिकांच्या विभागात होते. सकाळी टपालाचे गठ्ठे सोडायचे, अंकांवर शिक्के मारायचे, मांडणीवर लावायचे. माझ्याबरोबर एक कृष्णवर्णीय बाई काम करायच्या, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्या आठवड्यात ओ. जे. सिम्पसन या नावाजलेल्या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूला घटस्फोटित पत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाच्या आरोपावरून अटक झाली होती. तो दोषी होता की नव्हता यावर अजून भांडणं होतात, ती बाजूला ठेवू. टाइम आणि न्यूजवीक या दोन्ही साप्ताहिकांनी मुखपृष्ठावर पोलिसांनी काढलेला एकच फोटो छापला. न्यूजवीकवर तो होता तसा होता. टाइमवर चेहरा गडद केलेला, कडा काळवंडून टाकलेल्या, डोळ्यांभोवती सावली. बाईंनी दोन्ही अंक माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिक्क्याच्या पॅडला शाई घालायला निघून गेल्या.

मला आधी वाटलं, छपाईत गडबड झाली असेल. मग पुन्हा पाहिलं. माणूस तोच, फोटो तोच, पण एका अंकातल्या माणसाची मला भीती वाटत होती आणि दुसऱ्यातल्याची नाही. पुढे टाइमने खुलासा केला की चित्रकाराला प्रसंगाचं गांभीर्य आणायचं होतं, वर्णाचा विचार मनात नव्हता. मला तो खुलासा खरा वाटतो, आणि तेच तर वाईट आहे. गांभीर्य आणायचं म्हटल्यावर हात आपोआप काळ्या शाईकडे गेला.

आम्ही दोघी संध्याकाळी एकाच बसने घरी जायचो. शेजारच्या बाकावर कुणी कृष्णवर्णीय तरुण येऊन बसला की मी पर्स खिडकीच्या बाजूला सरकवायची. तीन वर्षं. बाईंच्या ते लक्षात येत नसेल असं मी धरून चालले होते. त्यांचा मुलगा त्याच वयाचा होता.

तेव्हा ताई, मी तुमच्याशी बोलतेय ती वरच्या पायरीवरून नव्हे.

हे चित्र आजकालचं नाही. सिनेमाच्या आधी नाटकमंडळ्या होत्या. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून, ओठ रंगवून, गुलामांची नक्कल करायचे आणि थिएटरं भरायची. 1830 च्या सुमाराला असंच एक नाचरं, खुळं पात्र लोकप्रिय झालं, नाव जिम क्रो. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळ्या शाळा, वेगळे नळ, वेगळे डबे असे कायदे केले, त्यांना लोक जिम क्रोचे कायदे म्हणू लागले. विदूषकाचं नाव कायद्याला! 1915 मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' आला. त्यातही काळे खलपुरुष बरेचसे रंग फासलेले गोरे नट होते, आणि कृष्णवर्णीयांना दहशतीत ठेवणारी, पांढऱ्या झग्यातली कू क्लक्स क्लान ही टोळी तारणहार. तो चित्रपट थेट व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला. मरून पडलेली ती टोळी त्याच वर्षी जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर पुन्हा उभी राहिली. चित्रपटाने माणसं मारली असं मी म्हणत नाही. झगे मात्र त्यातूनच आले.

हॅटी मॅकडॅनियल हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, 1940 साल, भूमिका मोलकरणीची. ज्या चित्रपटासाठी मिळालं त्याचा पहिला खेळ आदल्या डिसेंबरात अटलांटाला झाला, तिथे तिला जाता आलं नाही, कारण थिएटर गोऱ्यांचं. बक्षीस घ्यायला ती आली तेव्हा तिला बसवलं होतं भिंतीजवळच्या एका वेगळ्या टेबलावर. बक्षीस दिलं, पंगत वेगळी ठेवली. पंगतीचं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता तुमच्या टीव्हीवरच्या बातम्या. स्थानिक वाहिनीला अर्धा तास भरायचा तर गुन्ह्यासारखा स्वस्त माल नाही. गाडी पाठवली, पिवळी फीत, लाल-निळे दिवे, आणि पोलिसांकडून फुकटात आलेला फोटो. पुढे खटला उभा राहतो, कुणी निर्दोष सुटतं, ते दाखवायला गाडी जात नाही. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तरुणीवर भयानक अत्याचार झाला. पाच मुलं पकडली, चार कृष्णवर्णीय, एक लॅटिनो, वयं 14 ते 16. वर्तमानपत्रांनी त्यांना माणसांतून उठवलं, लांडग्यांच्या कळपासारखी भाषा वापरली. पाचही जणांना शिक्षा झाली. 2002 मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनए जुळला, शिक्षा रद्द झाल्या. त्यातला एक, युसेफ सलाम, 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेवर निवडून आला. 1989 मधले त्यांचे चेहरे ज्यांनी पाहिले त्यातल्या किती जणांनी 2002 ची बातमी वाचली असेल? आमच्या वाचनालयात मीच तो अंक लावला होता. कुणी फारसा उघडला नाही.

आणि 2005 चं कटरिना वादळ. न्यू ऑर्लिन्समध्ये छातीभर पाणी. दोन वृत्तसंस्थांचे दोन फोटो एकाच वेळी फिरत होते. एकात कृष्णवर्णीय तरुण पाण्यातून खाण्यापिण्याचं सामान ओढत चाललाय, खाली लिहिलंय की त्याने दुकान लुटलं. दुसऱ्यात गोरं जोडपं तसंच सामान घेऊन तशाच पाण्यातून चाललंय, खाली लिहिलंय की त्यांना एका दुकानातून पाव आणि सोडा सापडला. छायाचित्रकार वेगळे होते, दोघांनीही आपापल्या शब्दांचं समर्थन केलं, आणि कदाचित दोघंही खोटं बोलत नव्हते. तुम्ही मराठी शिकवायचात ना? क्रियापदावर एक तास घ्यायचा असेल तर हे दोन फोटो पुरतील. एकाने लुटलं, दुसऱ्याला सापडलं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस प्रमुखांनी 2020 मध्ये अटक झालेल्यांचे फोटो सरसकट वाटणं बंद केलं. कारण सांगितलं ते हेच, की त्या फोटोंनी ठरावीक रंगाच्या माणसांबद्दलचा ग्रह पक्का होतो. म्हणजे पोलिसालाही कळलं. आपल्याला कळायला हरकत नाही.

जावईबापूंकडे वळते. "जपून राहावं लागतं" हे बरोबर आहे. मग पर्स रोज आत ठेवा, पाहुणा कुणीही असो, मराठी मंडळाचे अध्यक्ष आले तरी. ते जपणं. पाहुण्याचा रंग बघून जपायला लागलात की त्याला दुसरं नाव आहे. आणि त्यांना एक विचारा: या देशात आपण आलो कसे? 1923 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या पंजाब्याला सांगितलं की तू गोरा नाहीस, नागरिकत्व मिळणार नाही. 1946 नंतर भारतातून वर्षाला 100 माणसांना स्थायिक व्हायला परवानगी होती. शंभर! डोंबिवली फास्टच्या एका डब्यात त्याहून जास्त उभे असतात. दार उघडलं 1965 च्या कायद्याने, आणि तो कायदा ज्या हवेत झाला ती हवा कृष्णवर्णीयांनी तयार केली होती. अल्बामात डोक्यावर लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन, बसवर बहिष्कार घालून. जावईबापूंच्या व्हिसाच्या कागदाखाली त्या लोकांचे घाव आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. सांगा.

आणखी एक, एडिसनकर म्हणून त्यांना आठवेल. 2010 मध्ये त्याच टाइमने एडिसनवर एक विनोदी म्हणवणारा लेख छापला होता, भारतीयांनी गाव कसं गिळून टाकलं अशा सुराचा. केवढा संताप झाला होता! देवळात, दुकानात, ट्रेनमध्ये दुसरा विषय नव्हता. साप्ताहिकाला आणि लेखकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. एक लेख, एक पान, आणि आपल्याला इतकं झोंबलं. शेजारच्यांना शंभर-दीडशे वर्षं दर आठवड्याला तो अंक येतोय.

लाल रंगाच्या नकाशांबद्दल तुम्ही अर्धी ओळ लिहून पुढे गेलात, पण तो प्रकल्प चुकवू नका. 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने अमेरिकेतल्या शहरांचे नकाशे रंगवले. चांगली वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी, आणि कर्ज द्यायला धोक्याची ती लाल. कृष्णवर्णीय राहतात एवढ्यावर वस्त्या लाल झाल्या. लाल वस्तीत घराला कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, घराला भाव नाही. आणि इथल्या शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालतात, म्हणून शाळाही रोडावलेल्या. जावईबापू गाडीतून जाताना ज्या भागाकडे बोट दाखवून "इथे रात्री थांबायचं नाही" म्हणतात, तो भाग जुन्या नकाशावर कोणत्या रंगाचा होता, हे तुमची नात आणि तिची मैत्रीण मंगळवारी तुमच्याच टेबलावर शोधत होत्या. आणि पलीकडच्या खोलीत तुम्ही दार ओढून घेत होतात. असो.

गाण्यांतल्या शिव्या. असतात, खूप असतात, आणि काही गाण्यांत बायकांबद्दल जे बोललं जातं त्याची मला चीड येते. कुणी गातो म्हणून ते गोड होत नाही. पण एखाद्या अमेरिकन बाईने मराठी सिनेमातले तमाशाचे फड तेवढे पाहिले आणि तुम्हाला विचारलं, "तुम्ही रोज असंच नाचता का?" तर? रेडिओवर काय वाजवायचं आणि काय विकायचं हे कंपन्या ठरवतात, आणि बंदूक, पैसा, बाई हे जगात कुठेही खपतं. या गाण्यांचं, म्हणजे हिप-हॉपचं, बारसं साधं होतं. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या सामाईक खोलीत एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी पार्टी ठेवली. कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिकीट लावलं. भाऊ, डीजे कूल हर्क, दोन रेकॉर्डप्लेअरवर एकच रेकॉर्ड लावून मधला तालाचा तुकडा लांबवत राहिला, कारण लोकांना नाचायला तोच आवडत होता. बाहेर ब्रॉन्क्स जळत होतं, महामार्गाने वस्ती मधोमध चिरलेली, विम्यासाठी घरमालकच इमारती पेटवत होते. या मुलांनी हातात होतं त्यातून काहीतरी उभं केलं. शाहिरी, भारुड, आंबेडकरी जलसा ऐकत मोठ्या झालेल्या बाईला यात परकं वाटायचं कारण नाही. 2018 मध्ये केंड्रिक लमार या रॅपरला संगीताचं पुलित्झर मिळालं. नातीला सांगा, आजीला कळेल असं एक गाणं निवड आणि ओळीओळीचा अर्थ सांग. शिवी आली की तिलाही क्षणभर अडखळायला होईल, तेवढी मजा घ्या.

इथे नातीचाही कान धरते. गाणी, कपडे, बोलण्याची लकब हे सगळं घ्यायचं आणि माणसांशी ओळख शून्य, अशी आपली बरीच मुलं आहेत. तुमची नात तशी नाही, मैत्रिणीला घरी आणते. पण बाकीच्यांसाठी लिहून ठेवलं.

शब्दाचं सांगते. निग्रो हा शब्द सोडा. आपल्या शाळेच्या पुस्तकांत होता, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' 1873 मध्ये अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी झटले म्हणून, त्या अर्पणपत्रिकेतही आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा शब्द आहे, तिथेच राहू दे. ब्लॅक म्हणा, कृष्णवर्णीय म्हणा. समोरच्याला कळू नये म्हणून इथल्या मराठी घरांत जे दोन-तीन ठेवणीतले शब्द वापरतात ते मी छापणार नाही. शब्द कळत नाही, सूर कळतो. आणि 'हबशी' म्हणताना नाक मुरडणाऱ्यांना तुमच्या चौथीच्या इतिहासातला मलिक अंबर आठवून द्या. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कारभारी झाला, खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली, 1624 मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही फौजांना पाणी पाजलं. त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत शहाजीराजे होते. हे तुम्ही मुलांना शिकवलं असेल, कदाचित अनेकदा.

आता रुसवा.

नातीला एकटीला गाठा, लेक-जावई नसताना. म्हणा, "मी पर्स उचलली, कारण मला तिची भीती वाटली. तिने काहीही केलं नव्हतं. माझं चुकलं." इथे थांबा. टीव्हीचं नाव नको, 31 वर्षांचं नाव नको, "पण" हा शब्द तर मुळीच नको. तो आला की मुलं पुढचं ऐकत नाहीत, त्यांचं बरोबरच असतं. ती कदाचित काहीच बोलणार नाही. चालेल.

मैत्रिणीची माफी मागायची का, हे नातीला विचारा आणि ती सांगेल ते ऐका. त्या मुलीने पाहिलं नसेल तर तुमच्या माफीने तिला कळेल. पाहिलं असेल तर तिला हे नवं नाही, आणि मग डोळ्यांत पाणी आणलेल्या आजीची समजूत तिलाच घालावी लागेल. पंधरा वर्षांच्या पोरीवर ते ओझं टाकू नका.

पण ती पुन्हा घरी यावी अशी वाट करून द्या. आली की पर्स मुद्दाम तिच्यासमोर मांडून ठेवायचं नाटक नको, ते उचलण्याइतकंच वाईट दिसतं. असेल तिथे असू दे. अभ्यासात किती हुशार आहेस असं म्हणू नका. नकाशावर काय सापडलं ते विचारा. केस सुंदर आहेत म्हणा, हवं तर, पण हात लावू नका. तशा वेण्या घालायला पाच-सहा तास लागतात, लहानपणी आईच्या नाहीतर मावशीच्या दोन गुडघ्यांमध्ये बसून, मान अवघडून. आपल्याकडे रविवारी तेल लावायला बसायचो तसंच. आणि या केसांना इतिहासही आहे, तुमच्याच राज्यातला. डिसेंबर 2018 मध्ये न्यू जर्सीत एका शाळकरी पैलवानाला पंचाने सांगितलं, जटा काप नाहीतर लढत सोड. सगळ्यांसमोर, आखाड्याच्या कडेला, कात्रीने कापल्या. तो लढत जिंकला, पण त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. बरोबर वर्षभराने राज्याने केसांवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली.

टीव्ही बंद करा असं मी म्हणणार नाही, दुपार मोठी असते. पण जूनमध्ये शाळा सुटली की नातीला म्हणा, मला हार्लेमला ने, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीत. एडिसनहून गाडीने पेन स्टेशन, तिथून 2 किंवा 3 नंबरची भुयारी गाडी, 135 व्या रस्त्यावर उतरायचं, समोरच शोम्बर्ग केंद्र आहे, न्यूयॉर्क सार्वजनिक वाचनालयाचं. कृष्णवर्णीयांचा इतिहास तिथे त्यांनी स्वतः जपलेला आहे, फोटोखालच्या ओळी त्यांच्या हातच्या. आत गेल्यावर जमिनीवरचं नक्षीचं वर्तुळ बघा, त्याखाली कवी लँग्स्टन ह्यूज यांच्या अस्थी आहेत. येताना 116 व्या रस्त्यावर कोलंबिया विद्यापीठ. बाबासाहेब 1913 ते 1916 तिथे होते, हार्लेमला लागून. 1946 मध्ये त्यांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताला पत्र लिहून विचारलं होतं की तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करतायत त्याची प्रत मिळेल का. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. नातीला हे माहीत नसणार. तिला तुमच्याकडून शिकायला मिळालेली ही गोष्ट असेल, आणि रुसवे अशाने लवकर जातात.

चिवडा पुन्हा करा. मागच्या वेळी तिने खाल्ला की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. फक्त शेंगदाणे घालण्याआधी नातीला विचारून घ्या. इथल्या काही मुलांना त्याची ॲलर्जी असते, आणि ती कुणाला आहे हे चेहरा बघून कळत नाही.

तुमची,
सदरलेखिका